झाकण उघडायचं नाही

माझ्यात धीर नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, डेपोत माहीत होतं, आणि भोरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या निम्म्या गावांनाही माहीत असावं. एसटीत ड्रायव्हर होतो, रिटायर होऊन आता तीन वर्षं झाली. गाडी कधी लेट आणली नाही. लेट झालेल्या माणसासाठी कधी थांबवलीही नाही असं लोक म्हणतात, आणि त्यात थोडं खरं आहे. विंझरच्या थांब्यावर एक म्हातारी रोज पायरीवर उभी राहून पिशवीत चष्मा शोधायची. तिच्यापायी जी दोन मिनिटं जायची ती मी पुढच्या रस्त्यावर वसूल करायचो, आणि मागं कंडक्टर दांडा धरून देवाचं नाव घ्यायचा.

घरीही तीच तऱ्हा. चहाला उकळी फुटायच्या आत गाळा म्हणणार, भात उतरायच्या आधी ताट घेऊन बसणार, आणि बसलो की सात मिनिटांत जेवून उठणार. सात मिनिटं हा हिशेब माझा नाही, बायकोचा आहे. सगळ्यात वाईट खोड म्हणजे झाकण. गॅसवर काहीही झाकलेलं दिसलं की माझा हात तिकडं जातोच. आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुमच्या बघण्यानं निम्मी वाफ जाते, असं बायको लग्न झाल्यापासून सांगत आली, आणि मी लग्न झाल्यापासून बघत आलो.

अशा माणसानं आठ तास शिजणारं बटाट्याचं मटण केलं. हौसेनं केलं नाही. माझ्या तोंडून एक वाईट गोष्ट गेली होती, ती निस्तरायची होती.

झालं असं की पावसाळा सरता सरता बायकोचे दात काढावे लागले. एकेक करत सगळेच गेले. हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू, तोवर तीनचार महिने मऊ खा, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटचे दोन काढले त्या दिवशी आम्ही गाडीनं परत येत होतो. तिच्या तोंडात कापूस, गाल सुजलेला. पुढं ओळखीचा ड्रायव्हर, मागं ओळखीची माणसं. काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "काय न्हाई, दात काढलं समदं. चला, आता बडबड बंद. घरात शांतता."

गाडी हसली. मीही हसलो. आता ही बायको कोण, ते सांगायला हवं. तिचं बोलणं म्हणजे काय, तर ती माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून माहेरी निघाली की भोरला सुरू झालेला विषय नसरापूरला फाटे फोडायचा, आणि वेल्ह्याला उतरताना कंडक्टर विचारायचा, भाभी, मग त्या जावेचं पुढं काय झालं. अशी बाई बोलायची थांबेल असं कुणाला वाटणार? मला तर वाटलंच नव्हतं.

पण ती थांबली. दुसऱ्या दिवसापासून पदर तोंडावर. बोलायचं ते खुणेनं, नाहीतर पदराआडून दोन शब्द. शेजारणी आल्या की आत जाऊन पडायची. लग्नाला गेली नाही, बारशाला गेली नाही. हसणं तर बंदच झालं. मी दोनचारदा काहीबाही बोलून बघितलं, तर ती माझ्याकडं बघायची आणि पदर आणखी वर ओढायची. घरात शांतता पाहिजे होती ना मला? मिळाली. इतकी मिळाली की फ्रीजची घरघरसुद्धा ऐकू यायची.

त्यात तिला मटण प्राणाहून प्यारं. आमच्यात म्हशीच्या मटणाला मोठ्याचं म्हणतात. मोठ्याचं आणि बटाटे, रस्सा दाट, वर भाकरी, एवढं असलं की तिला ईद वेगळी लागत नाही. दात गेल्यावर पेज आणि दूधभात चालू होता. एकदा पुतण्याकडून डबा आला. तिनं एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ चोखला, इकडून तिकडं फिरवला, मग हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. मी बघतोय हे कळल्यावर पदराआडून म्हणाली, "मांजराला." आमच्याकडं तेव्हा मांजर नव्हतं. मला फार लाज वाटली. त्या गाडीतलं बोलणं मला आठवलं आणि जेवण गेलं नाही, हे मी सात मिनिटांत जेवणारा माणूस सांगतोय.

मुलगी पुण्यात असते. तिला फोनवर सांगितलं तर तिनं आठवड्याभरात एक खोकं पाठवलं. त्यात स्लो कुकर. आत जाड चिनी मातीची कुंडी, ती बसते एका विजेवर तापणाऱ्या डब्यात, वर काचेचं झाकण. मी म्हणालो, कुकर आणि स्लो? शिट्टी कुठं आहे? तर शिट्टीच नाही. मुलगी म्हणाली, "अब्बा, यात सकाळी टाकायचं आणि विसरायचं. आठ तासांनी मटण ओठांनी तुटतं. अम्मीला दात लागणारच न्हाईत. फक्त झाकण उघडायचं न्हाई. एकदा उघडलं की अर्धा तास मागं जातंय." शेवटचं वाक्य तिनं तीनदा सांगितलं. बाप कोण आहे ते तिला माहीत आहे.

ओठांनी तुटतं, हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. मी बायकोला जाहीर केलं की मटण मी करणार, तू हात लावायचा नाहीस. तिनं भुवया वर केल्या. मला अगदीच काही येत नाही असं नाही. पानशेतकडं वस्तीची गाडी असायची तेव्हा कंडक्टर स्टोव्हवर पिठलं करायचा आणि मी त्याला घाई करायचो. तेवढा अनुभव.

बुधवारी खाटकाकडं गेलो. तो मांडीचं द्यायला लागला. मी म्हणालो, नळीचं दे आणि खांद्याचं. मुलीनं तसं सांगितलं होतं, जे घाईत चिवट लागतं तेच सावकाश शिजलं की लोणी होतं. खाटीक माझ्याकडं बघत राहिला. आजवर मी त्याच्याकडं एकच मागणी केली होती, लवकर शिजणारं दे.

गुरुवारी पहाटेच्या नमाजेच्याही आधी उठून मी कामाला लागलो. कांदा लाल केला. म्हणजे मी तांबूस झाल्यावरच उतरवायला निघालो होतो, पण दारात बायको उभी होती आणि तिनं नुसती मान हलवली, म्हणून परत ठेवला. आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. मटण त्यात चांगलं परतलं. मग बटाट्यावरून अडलं. आमच्याकडं बटाटा शेवटी पडतो, हे मलाही माहीत. पण मुलगी म्हणाली होती, बटाटे खाली, मटण वर, कारण या भांड्यात बटाट्याला जास्त वेळ लागतो. मी बटाटे तळाला रचायला लागलो तर बायकोनं कपाळाला हात लावला. पाणी एवढुसंच घातलं तेव्हा दुसरा हात लावला. बोलली काही नाही. दात असते तर बटाट्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

झाकण ठेवलं, बटण फिरवलं, तांबडा दिवा लागला. पाच वाजून वीस मिनिटं. दीडच्या ठोक्याला ताट, असा टाइम मी मनात लावून टाकला.

तेवढ्यात बायको आत गेली आणि कणकेचा गोळा घेऊन आली. हे मला आधी कळायला हवं होतं. दम द्यायचा असला की आमच्याकडं पातेल्याचं झाकण कणकेनं लिंपतात, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. सगळ्या घरांत म्हणूनच लिंपतात. आमच्या घरात माझ्यासाठी लिंपतात. तिनं त्या काचेच्या झाकणाभोवती कणकेची वळी फिरवली, दाबली, आणि वर चार ठिकाणी बोटं उमटवली. ती बोटं म्हणजे सील. मी एका ईदेला लिंपण काढून, आत बघून, परत लावलं होतं, तेव्हापासून बोटं उमटवते. मी म्हणालो, अगं, विजेच्या भांड्याला कुणी लिंपतं का? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर जाऊन बसलो.

आठपर्यंत घरभर वास सुटला. मी चारदा आत जाऊन आलो. काचेला आतून घाम आलेला, दिसत काही नव्हतं. डोळ्यांचा इलाज नव्हता म्हणून कान लावला. इंजिन ऐकून ऐकून माझा कान तयार आहे, कुठला बोल्ट सैल आहे ते सांगतो. आत बारीक गुबुक गुबुक चालू होतं. गाडी लायनीवर आहे, म्हटलं.

साडेनऊला पंखा थांबला.

मी वर बघितलं, मग तांबड्या दिव्याकडं बघितलं. दिवाही गेलेला. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आज गुरुवार. गुरुवारी आमच्याकडं लाईटवाले दुरुस्तीला वीज बंद ठेवतात. सकाळी गेली की संध्याकाळी पाचला येते. या गावातलं शेंबडं पोरही बुधवारी दळण आणून ठेवतं. गिरणीवाला गुरुवारी सासुरवाडीला जातो. आणि मी, बत्तीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस, आठ तास वीज लागणारं भांडं गुरुवारी लावून बसलो होतो. रिटायर झाल्यावर सगळे वार सारखेच होतात, दुसरं काय.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, कुंडी गॅसवर ठेवू नका, तडकेल. दुसऱ्या पातेल्यात काढा. मी म्हणालो, काढायचं तर झाकण उघडायला लागेल. ती म्हणाली, मग उघडा. मी बायकोकडं बघितलं. ती कुंडीपाशी बसली होती, एक हात लिंपणावर. नको, अशी मान हलवली. तिचं म्हणणं मला कळत होतं. तिला प्रेशर कुकरमधलं, चार शिट्ट्यांचं नको होतं. ते तिनं आयुष्यभर केलं होतं. मुलगी म्हणाली, मग गार पडू देऊ नका, निम्मं शिजलेलं मटण कोमट राहिलं तर खराब होतं, टाकून द्यावं लागेल.

टाकून द्यावं लागेल म्हटल्यावर बायकोनं मान खाली घातली. तिला ते किती हवं होतं ते मला तेव्हा दिसलं.

मी म्हणालो, वरव्याला लाईट असेल. तिथं माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे. मोटरसायकलवर कुंडी मांडीत धरून तू बस, वीस मिनिटांत पोचवतो. हे ऐकून ती उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली, वाट अडवून. कुंडीला मांडीवर घेऊन माझ्या मागं बसायचं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

आणि तेवढ्यात दूधवाल्या आक्का आल्या. आक्का वरच्या वाडीवरून येतात, दोन म्हशी आहेत त्यांच्या. गावातला रतीब घालून झाला की शेवटचं घर आमचं, मग पायरीवर बसून कोरा चहा घेतात आणि चढाला लागतात. आमची ओळख जुनी, त्या माझ्या गाडीत किटल्या घेऊन चढायच्या तेव्हापासूनची. त्या आत येत नाहीत, आम्ही या म्हणत नाही, आणि त्यावाचून कुणाचं कधी अडलेलं नाही.

काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, म्हणजे वीज, कुंडी, आठ तास, उघडायचं नाही, गॅसवर चालत नाही. एक गोष्ट सांगितली नाही. त्यांनी नाकानं हवा ओढली, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मटान हाय न्हवं?"

"मटणच की."

"बरं. कसलं त्ये म्या इचारत न्हाई, तुमी सांगू नका." आणि चहाचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "आमी दूध कसं ठिवतो दिसभर? जाळ घालतो व्हय? राखंत ठिवतो. गवरीची ऊन राख, बाजूनं तूस. सांजच्याला लाल व्हतंय दूध. तुमची ती कुंडी चिनी मातीची का कशाची आसंना, मातीचीच न्हवं?"

मला का सुचलं नाही? मागच्या अंगणात आमची आंघोळीच्या पाण्याची चूल. सकाळचं पाणी तापवून झालेलं, खाली गोवऱ्यांची राख अजून धगधगत होती. आणि तूस, म्हणजे भाताचा कोंडा, गिरणीतून आणलेलं पोतंभर पडलेलं होतं, भांडी घासायला. आक्का अंगणाच्या गडग्यावर, दगड रचलेल्या बुटक्या भिंतीवर, बसल्या आणि तिथूनच हुकूम सोडायला लागल्या. जवळ काही आल्या नाहीत. घमेलं घ्या. राख पसरा. निखारा दिसतुय तो काढा, कुंडीला निखारा लागाय नको. आता ठिवा. हळू. डायवरभाऊ, हळू म्हनलं. हे हळू मला त्यांनी त्या दहा मिनिटांत इतक्यांदा ऐकवलं की डेपो मॅनेजरची आठवण आली.

कुंडी अजून हाताला चटका देत होती. ती राखेत बसवली, गळ्यापर्यंत राख चढवली, घमेल्याच्या कडेकडेनं तूस पेरून त्यात दोन निखारे खोचले. तूस जळत नाही, धुमसतं. ज्योत नाही, आवाज नाही, नुसती एक धुराची रेघ. वर जुनं पोतं दुमडून झाकलं.

किती वेळ, मी विचारलं. आक्कांनी मोबाईल काढला नाही, सूर्याकडं बघितलं, मग गडग्याच्या पलीकडं पडलेल्या सावलीकडं. "ही सावली हिकडं वळून त्या धुन्याच्या दगडावर आली की काडा. त्याच्या आदी हात लावायचा न्हाई." मग बायकोकडं वळून म्हणाल्या, "भाभी, ध्यान ठिवा यांच्यावर," आणि चढाला लागल्या.

धुण्याचा दगड गडग्यापासून चांगला चार हातांवर. सावली अजून गडग्याच्या पायाशीही आली नव्हती.

मी त्या दिवशी जे भोगलं ते घाटात बंद पडलेल्या गाडीतही भोगलं नाही. बारा वाजले. सावली कुठंच नाही. साडेबाराला वीतभर. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. बायको खुर्ची घेऊन घमेल्याशेजारी बसली होती, मांडीवर परात, तांदूळ निवडत. तांदूळ पॉलिशचे होते, त्यात खडा शोधून सापडला नसता. ती राखणीला बसली होती. एकदा मी पोत्याजवळ वाकून कान लावला. गुबुक गुबुक चालू होतं. कुठलाही मीटर नाही, वायर नाही, बटण नाही, आणि चालू होतं.

एक वाजला. दीड वाजला, माझा टाइम गेला. पोटात कावळे ओरडत होते. सावली दगडापासून अजून दीड हात लांब. ती सरकते आहे की नाही तेच कळत नव्हतं. मी खडूनं रेघ मारली, दहा मिनिटांनी बघितलं, रेघ आणि सावली यांच्यात चार बोटं. या वेगानं विंझर गाठायला आठवडा लागला असता.

दोनच्या सुमाराला बायको नमाजेला आत गेली.

आता मी जे केलं ते मी केलं. नाकारत नाही. सावली दगडावर आली की काढायचं, असं ठरलं होतं. दगड सावलीत आला तर? शब्दाप्रमाणं दोन्ही एकच. मी कोपऱ्यातली पहार आणली, दगडाखाली घातली आणि जोर लावला. तो दगड माझ्या बापानं दोन माणसं लावून बसवलेला. हलेना. मी बनियनवर आलो, पहारेवर पोटानं आडवा पडलो आणि रेटलं. दगड वीतभर सरकला. आणखी रेटलं. घाम निथळत होता, कमरेत काहीतरी कटकन वाजलं, पण दगडाचं टोक सावलीला लागलं. मी हात झटकत सरळ झालो.

मागच्या दारात बायको उभी होती.

तिनं पहार बघितली. मला बघितलं. मग ज्या जागी दगड चाळीस वर्षं बसला होता तिथली ओली, किड्यांनी भरलेली चौकट बघितली. मी म्हणालो, "सावली आली की दगडावर."

ती हसली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला दाराची चौकट धरावी लागली. दोन्ही हात चौकटीला, पदर खांद्यावरून खाली, आणि तोंड उघडं, पार उघडं, आत एक दात नाही, नुसत्या गुलाबी हिरड्या. डोळ्यांतून पाणी. चार महिन्यांत मी तिचं तोंड बघितलं नव्हतं. तान्ही पोर हसते तसं दिसत होतं. एवढं छान दिसेल असं मला वाटलं नव्हतं आणि तेव्हा ते मला सांगताही आलं नाही. मी दगडाकडं बघत उभा राहिलो, कारण मी टक लावली असती तर तिनं पदर वर ओढला असता.

तरी तिचा हात गेलाच पदराकडं. अर्ध्यात थांबला. मग तिनं दगडाकडं बोट दाखवून, काहीही न झाकता, स्पष्ट म्हटलं, "जागेवर ठिवा त्यो."

ठेवला. सरकवायला लागला त्याहून दुप्पट वेळ लागला. आणि खरी सावली खऱ्या दगडावर येईपर्यंत आम्ही दोघं गडग्याला टेकून बसलो. मधे ती दोनदा नुसती माझ्याकडं बघून परत हसली.

कुंडी काढली, राख पुसली. कणीक भाजून विटेसारखी झाली होती. तिची चार बोटं जशीच्या तशी. फोडायचा मान तिचा होता, पण हातात जोर नव्हता म्हणून तिनं मला खूण केली. मी स्क्रू ड्रायव्हरनं कड उचलली. वाफ अंगावर आली, आणि मी पहिल्यांदाच आत बघायच्या आधी तिच्याकडं बघितलं.

वरचं मटण गडद झालं होतं. चमच्यानं नळी उचलली तर नळी तेवढी वर आली, मांस खालीच राहिलं. बटाटे तळाशी अख्खे, पण टेकवला चमचा की दोन तुकडे. मी ताट वाढलं. भाकरी रश्श्यात कुस्करली. तिनं एक तुकडा घेतला, तोंडात ठेवला, आणि डोळे मिटले. चावली नाही. ओठ हलले, जीभ हलली, गिळला. दुसरा घेतला. तिसरा. ताटाच्या कडेला काही आलं नाही.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी मीठ आणायला उठलोच नाही. माझं ताट नेहमीप्रमाणं सात मिनिटांत रिकामं झालं. ती खात होती, सावकाश, एकेक घास घोळवून. पाव तास झाला, अर्धा झाला. मी बसून होतो. मग मी म्हणालो, "गाडीत म्या बोललो हुतो त्यादिशी. बडबड बंद म्हनून. चुकलं माझं. लई वाईट बोललो."

तिनं बटाटा मोडला. रश्श्यात फिरवला.

"चाळीस वर्सं तुमच्या टायमानं शिजवलं," ती म्हणाली. दात नसल्यामुळं शब्द जरा वाऱ्यावर जात होते, पण तिनं हात तोंडाकडं नेला नाही. "डूटीवरनं आलात की ताट पायजे. चार शिट्ट्या, वाढा. माझ्या आईकडं मटण असंच शिजायचं. दिसभर. मला असंच आवडतंय. तुमी कदी इचारलंत?"

नव्हतं विचारलं. मी मान हलवली.

"आन् बडबड म्हनालात. चार म्हैनं गप बसले. बसले का न्हाई?"

"बसलीस."

"मग आता ऐका."

आणि ती सुरू झाली. बटाटे तळाला घालतात का इथपासून. मग कांदा. मग त्या पुतण्याच्या डब्यातलं चिवट मटण, ज्या लग्नाला ती गेली नाही त्या लग्नाचं तिला कळलेलं सगळं, शेजारीण आत कशी डोकावून बघायची ते, डॉक्टरच्या हाताला येणारा साबणाचा वास, आणि ज्या जावेची गोष्ट वेल्ह्यापर्यंत संपायची नाही तिचं पुढं काय झालं ते. पाच वाजता लाईट आली, पंखा फिरायला लागला, आतल्या रिकाम्या डब्याचा तांबडा दिवा लागला. बटण बंद करायला म्हणून मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "अजून झालं न्हाई माझं."

मी बसलो.